सोबत कोण आलंय? काकीच्या अडकलेल्या श्रावणबाळची केस

गेल्या वर्षी मार्चमधे, म्हणजे २०२५ च्या, काकीचा मिसकॉल आला. ती मिसकॉलच देते, बॅलन्स असला तरी. मी उलट लावला तर नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ म्हणाली, "माझी पेन्शन मेली रे. शेजारणीची आली, माझीच नाही."

मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर डिग्री केलीय, नोकरी पुण्यात आणि भलतीच करतो, पण त्या एका डिग्रीमुळे घराण्यात कुणाचंही सरकारी काम अडलं की फोन माझ्याकडे येतो. कॉलेजात आम्हाला केस लिहायला शिकवलं होतं, पार्श्वभूमी, समस्या, हस्तक्षेप, फलित अशा चौकटी आखून. ही केस तशी लिहायला बसलो आणि दुसऱ्या चौकटीतच गाडी अडकली, कारण समस्या नक्की कुठे आहे हेच कळायला आम्हाला साडेतीन महिने लागले. म्हणून आता जसं घडलं तसं लिहितो.

काकी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात राहते, गावाचं आणि तालुक्याचं नाव मुद्दाम देत नाही. आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी १९५० आहे. खरी तारीख कुणालाच माहीत नाही, ती सांगते "मोठ्या पावसाच्या वर्षी, गवरीच्या आदल्या दिवशी". आधार काढताना फक्त साल सांगितलं की तारीख १ जानेवारी पडते, त्यामुळे आमच्या अर्ध्या वाडीचा वाढदिवस एकाच दिवशी असतो. काका परळच्या गिरणीत होते. १९८२ चा संप झाला, गिरणी पुन्हा धड चालू झालीच नाही, काका गावी आले आणि कलमं लावली, २००९ मधे गेले. पेन्शन वगैरेचा प्रश्नच नव्हता. एक मुलगा आहे, माझा चुलतभाऊ, वय बावन्न, नालासोपाऱ्याला तिसऱ्या मजल्यावर वन रूम किचन, लिफ्ट नाही, सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी, वहिनी पण कामाला जाते. काकी एकदा तिथे तीन महिने राहून आली. गुडघ्यामुळे तीन महिन्यांत चारदा खाली उतरली, पाचव्यांदा उतरली ती गावची गाडी पकडायलाच.

हे सगळं सांगायचं कारण, अशी केस वाचली की पहिली कमेंट ठरलेली असते, मुलगा काय करतो, आईला बघत नाही का. तो बघतो. महिन्याला दोन हजार पाठवतो, गणपतीला आणि शिमग्याला येतो, रोज रात्री फोन करतो. पण तो रात्रभराच्या प्रवासाइतका लांब आहे, आणि तालुक्याच्या ऑफिसात सोमवारी सकाळी अकरा वाजता आईच्या बाजूला उभं राहणं हे रात्रीच्या फोनवर होत नाही.

आणि हे एका घराचं नाहीये. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १६ लाख ९६ हजार होती, २०११ मधे १६ लाख १५ हजार झाली. वाढली नाही, कमी झाली. सिंधुदुर्गाचंही तसंच. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका, आणि हा आकडा मुलींचा जन्मदर चांगला आहे म्हणून नाही, कमावते पुरुष मुंबईत मोजले गेले म्हणून आहे. २०११ मधे देशात साठीच्या पुढची माणसं साडेआठ टक्क्यांच्या आसपास होती, महाराष्ट्रात दहा टक्क्यांच्या जवळ, आणि सरकारी अंदाजानुसार २०३६ पर्यंत देशाचा आकडा १५ टक्क्यांवर जाणार आहे. आमच्या वाडीत तो दिवस कधीच येऊन गेला. तेवीस उंबरठे आहेत, त्यातल्या अकरांना कुलूप, आणि उरलेल्या बारांपैकी पाच घरांत एकेक म्हातारी, बस. पोरं चार आहेत, ती शाळेत जातात म्हणून एसटी सकाळी फाट्यावर येते. शाळा पटसंख्येपायी बंद झाली तर एसटी बंद होईल, आणि मग काकीला दवाखान्यात न्यायला गाडी नसेल. म्हाताऱ्यांची बस पोरांच्या हजेरीवर चालते हे कुठल्याही योजनेच्या कागदात सापडणार नाही.

आता पेन्शन.

काकीला श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचे पैसे मिळतात. वय ६५ च्या वर आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर ही मिळते. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर त्यातले २०० रुपये केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेतून येतात, बाकीचे राज्य घालतं. हे २०० गेल्या पंधरा-वीस वर्षांत हललेले नाहीत, राज्याचा वाटा मात्र वाढत गेला. काकीला सुरुवातीला सहाशे मिळायचे, मग हजार, २०२३ पासून दीड हजार. दीड हजारात म्हातारं माणूस जगत नाही, पण बीपीच्या गोळ्या, गॅस, चहा-साखर आणि मधेच कुणाच्या लग्नाचा आहेर एवढं निघतं, आणि मुख्य म्हणजे ते तिचे स्वतःचे असतात, मुलाकडे मागावे लागत नाहीत.

२०२४ च्या डिसेंबरपासून राज्याने हे पैसे डीबीटीने (थेट लाभ हस्तांतरण) पाठवायला सुरुवात केली. आधी तालुक्यावरून बँकेला यादी जायची आणि यादीतल्या खाते नंबरावर पैसे पडायचे. आता आधार नंबरावर पैसे सुटतात आणि त्या आधारला जे खातं जोडलेलं असेल तिथे जाऊन पडतात. विचार म्हणून चांगला आहे, मधले दलाल, मेलेल्या माणसांच्या नावावरचे हप्ते, उशीर, हे कमी व्हावं म्हणून केलेला आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण काकीच्या पासबुकात डिसेंबरपासून एंट्रीच नाही. बँकेत गेली तर सांगितलं, आजी आमच्याकडे पैसे आलेच नाहीत, तहसीलला विचारा. तहसीलला गेली तर तिथल्या माणसाने कॉम्प्युटरमधे बघून सांगितलं, आजी तुमचे तर गेलेत, पेड दाखवतंय, बँकेला विचारा. परत बँक. परत तहसील. दोन्ही ठिकाणची माणसं खोटं बोलत नव्हती हे आम्हाला नंतर कळलं, आणि दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच होता. सोबत कोण आलंय?

कुणीच नाही. फाट्यापर्यंत रिक्षा स्पेशल करायची, जाऊन-येऊन तीनशे. पुढे एसटी फुकट. २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ च्या वरच्यांना एसटी पूर्ण मोफत आहे, आणि सवलत खरंच मोठी आहे, आमच्याकडच्या म्हाताऱ्या त्यामुळे माहेरी जायला लागल्यात, पंढरपूर करून आल्यात. पण फाटा ते वाडी हा जो दीड किलोमीटरचा चढ आहे तो कुठल्याच सवलतीत बसत नाही, आणि एसटीची पहिली पायरी अशी उंच की काकी आधी पिशवी वर ठेवते, मग दांडा धरते, मग कंडक्टर खांद्याला धरून ओढतो. प्रवास मोफत आहे, फक्त गाडीत चढवायला माणूस लागतं.

मी एप्रिलमधे गावी गेलो. आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते आधारच्या वेबसाइटवर बघता येतं, दोन मिनिटांचं काम. फक्त आधारला जो मोबाईल नंबर आहे त्यावर ओटीपी येतो. काकीच्या आधारला जो नंबर होता तो तिचा जुना, रिचार्ज न केल्यामुळे कधीच बंद पडलेला. म्हणजे आता तो नंबर बदला. त्यासाठी आधार सेंटर, तेव्हा पन्नास रुपये फी, कागदपत्र काही नको, फक्त बोटाचा ठसा द्या.

आणि इथे काजू येतो.

आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमधे ओले काजूगर काढतात. हिरवी बी आडाळीवर, म्हणजे विळीवर, मधोमध चिरायची आणि आतला गर अलगद अख्खा काढायचा, तो शेकड्यावर विकला जातो आणि भाव चांगला मिळतो. पण बीच्या सालात जो चीक असतो तो कातडी जाळतो. बायका हाताला राख फासतात, खोबरेल चोपडतात, तरी महिना-दीड महिना बोटांची सालं निघत राहतात, कांद्यासारखी. काकी हे काम लग्न झाल्यापासून करतेय. शिवाय पन्नास पावसाळे भाताची लावणी, भांडी घासायला माती-राख. तिची बोटं मी पहिल्यांदा नीट बघितली ती त्या दिवशी. पेरं गुळगुळीत, चकचकीत, नदीतल्या गोट्यासारखी. सेंटरवरच्या मुलाने दहाच्या दहा बोटं लावून बघितली, ओल्या फडक्याने पुसली, कोरडी केली, क्रीम लावलं, मशीन प्रत्येक वेळी लाल. मग डोळ्याचं स्कॅन. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, ते घेईना. उजवा घेतला, तिसऱ्या वेळी, काकीची पापणी मी दोन बोटांनी वर धरून ठेवली होती.

म्हणजे परत तेच. दुसरं माणूस.

नंबर बदलला, माझाच टाकला, कारण वाडीत रेंज जाते-येते. ओटीपी आला, साइट उघडली आणि कळलं की काकीचं आधार ज्या खात्याला जोडलंय ते तिच्या बँकेचं नाहीच. भलत्याच एका पेमेंट बँकेचं खातं. काकीला विचारलं तर तिला काही पत्ता नाही. बऱ्याच वेळाने शेजारच्या वहिनीला आठवलं, काही वर्षांपूर्वी एक सिमकार्डवाला पोरगा वाडीत येऊन मांगरात बसला होता, सगळ्यांचे अंगठे घेऊन सिम देऊन गेला. त्याच अंगठ्यात खातंही उघडलं गेलं असावं. आधारला जे खातं शेवटचं जोडलं जातं ते पकडलं जातं, त्यामुळे डिसेंबरपासूनचे सगळे हप्ते त्या अनोळखी खात्यात इमानदारीने जमा होत होते. तहसीलचं पेड पण खरं, बँकेचं आलं नाही पण खरं.

यावर उपाय काय होता माहितेय? बँकेत एक संमतीचा फॉर्म भरून द्यायचा, माझं आधार याच खात्याला जोडा. एक पान. सही किंवा अंगठा, शाईचा, मशीनचा नाही. हे सांगितलं असतं तर मार्चमधल्या पहिल्याच फेरीत काम झालं असतं. काउंटरवरच्या माणसाला दोष देऊन मोकळं होता येईल, पण मी त्या रांगेत उभा होतो. मागे चाळीस माणसं, त्यातली तीस साठीच्या पुढची, प्रत्येकाचं काहीतरी अडलेलं, प्रत्येकाला मोठ्याने दोनदा सांगावं लागणार, आणि काउंटर एक. म्हाताऱ्या माणसाचं काम तरुण माणसाच्या तिप्पट वेळ घेतं. ऑफिसात किती माणसं नेमायची हे ठरवताना तो वेळ कुणी धरत नाही, कागदावर अर्ज एक म्हणजे एकच.

जूनमधे फॉर्म दिला, जुलैपासून पैसे जुन्या खात्यात यायला लागले.

अडकलेले पाच हप्ते, साडेसात हजार (हप्ते उशिरानेच सुटतात, तोवर पाचच सुटले होते), ते मात्र राहिलेच होते. ते सोडवले पोस्टमनने. पोस्टाच्या पेमेंट बँकेच्या यंत्रावर आधार आणि बोट लावून कुठल्याही बँकेतले पैसे काढता येतात, आणि आमचा पोस्टमन घरी येऊन देतो. पण परत बोट. पहिल्या दिवशी नाही झालं. चार दिवसांनी परत आला, नाही झालं. तिसऱ्या खेपेला, जुलैत, लावणी संपून काकी आठ दिवस घरीच होती, हाताला रोज तेल होतं, आणि डाव्या हाताची करंगळी लागली. यंत्र हिरवं झालं तेव्हा पोस्टमन काकीपेक्षा जास्त खूश झाला. हा माणूस तीनदा चढ चढून आला, आणि ते त्याच्या कुठल्या टार्गेटमधे लिहिलं गेलं असेल असं मला वाटत नाही.

हिशेब सांगतो. काकीच्या तालुक्याला सहा फेऱ्या, रिक्षाचे अठराशे, म्हणजे एका महिन्याची पेन्शन आणि वर तीनशे. माझ्या पुण्याहून दोन फेऱ्या. शेजारच्या वहिनीचे किती दिवस गेले ते मोजलेच नाहीत, कारण शेजाऱ्याचे मोजत नाहीत. हे सगळं साडेसात हजारांसाठी, आणि तेही तिचेच.

मधल्या काळात एक वेगळी गंमत झाली. आशाताई घरी आल्या आणि त्यांनी सत्तरीच्या वरच्यांचं जे आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, २०२४ च्या ऑक्टोबरमधे सुरू झालेलं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, उत्पन्नाची अट नाही, ते मोबाईलवर पाच मिनिटांत काढून दिलं. बोट नाही, ओटीपी नाही, चेहऱ्याचा फोटो घेतला, झालं. माणूस तेच, आधार तेच, ओसरी तीच. एका योजनेला चेहरा चालतो, दुसरीकडे दहा बोटं तपासली जातात. आणि फरक एवढ्यावर संपत नाही, कार्डसाठी सरकारचं माणूस चढ चढून आलं, पेन्शनसाठी काकीला उतरावं लागलं.

कार्डाचा उपयोग अजून झालेला नाही म्हणा. ते ऍडमिट झाल्यावर चालतं. काकीला लागतात त्या गोळ्या, गुडघ्याचा शेक, महिन्यातून एकदा कुणीतरी बीपी बघणं. मोतीबिंदूचं ऑपरेशन एका सरकारी दवाखान्यात फुकट होणार होतं, नंबरही लागला, पण सोबत नातेवाईक असल्याशिवाय भरती करता येत नाही म्हणून पहिली तारीख गेली. चुलतभावाची तीन दिवसांची बिनपगारी रजा इथे गेली. ऑपरेशन छान झालं. तारीख मात्र डॉक्टरांच्या सवडीने पडली नाही, नालासोपाऱ्यातल्या ड्युटी चार्टप्रमाणे पडली.

आता त्या २१ हजारांबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण मला त्याचा जास्त राग आहे. वर्षाला २१ हजार म्हणजे महिन्याला १७५०. रोहयोची मजुरी २०२५-२६ मधे दिवसाला ३१२ रुपये होती, म्हणजे घरातलं एक माणूस वर्षातून ६८ दिवस रोहयोवर गेलं की कुटुंब या मर्यादेच्या बाहेर. कोण बसतं यात खरंखरं? म्हणून मग दाखल्यावर सगळ्यांचंच उत्पन्न वीस-एकवीस हजार असतं, देणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला माहीत, आणि जो खरं सांगायचा हट्ट धरेल तो बाहेर. बरं, हीच काकी २०२४ मधे आलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत गेली, काठी, चष्मा, कमोडची खुर्ची, गुडघ्याचा पट्टा यासाठी एकदाच तीन हजार मिळतात त्यात, तर तिथे उत्पन्नाची मर्यादा दोन लाख. शेजारची वहिनी लाडकी बहीणमधे आहे, महिना तेवढेच दीड हजार, मर्यादा अडीच लाख, पण वय ६५ पर्यंतच. म्हणजे एखादी बाई ६५ पर्यंत अडीच लाखांच्या आत असेल तर गरजू, आणि ६५ ओलांडल्या दिवशी तिने २१ हजारांच्या आत येऊन दाखवायचं. काकीने हे ऐकून फक्त एवढंच विचारलं, "म्हंजे म्हातारी झाल्यावर मी लाडकी नाय होय?"

मी उत्तर दिलं नाही. खरं उत्तर राजकीय आहे आणि ते तिलाही माहीत होतं.

कुणीतरी मला २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायदा सुचवला. मुलगा सांभाळत नसेल तर प्रांताकडे न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, वकील लागत नाही, महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी लावता येते. जिथे मुलाने घर लिहून घेऊन आईला बाहेर काढलंय तिथे हा कायदा लाखमोलाचा आहे, माझ्या पाहण्यात आहेत अशा केसेस. पण काकीच्या केसमधे काय करायचं त्याचं? जो मुलगा पगाराच्या मानाने बरेच पाठवतोय त्याला नोटीस पाठवायची? त्याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे माणसांचा वृद्धाश्रम राज्याने काढावा असंही म्हटलंय, आणि तिथे शब्द 'काढू शकेल' असा आहे. काकी तशीही जाणार नाही. तिला घर सोडायचं नाहीये, कलमं आहेत, देव आहेत, मांजर आहे.

आपल्याकडचं धोरण म्हाताऱ्या माणसाकडे बघताना दोनच गोष्टी बघतं असं मला या केसमधून वाटायला लागलंय, एक तर पैसे नसलेलं माणूस नाहीतर मुलाने टाकलेलं माणूस. काकी दोन्ही नाही. तिला पैसे मंजूर आहेत, मुलगा आहे, एसटी फुकट आहे, रेशनचे पाच किलो फुकट आहेत, कार्ड आहे. आणि यातली प्रत्येक गोष्ट हातात पडायला बाजूला एक धडधाकट, स्मार्टफोनवालं, रजा टाकू शकणारं माणूस लागतं. योजनेचं नाव श्रावणबाळ ठेवलंय ते किती बरोबर आहे बघा. गोष्टीतला श्रावण आईबापांना कावडीत घालून स्वतःच्या खांद्यावरून नेत होता. इथे पैसे सरकार देतं, खांदा तुमचा तुम्ही आणा. आणि ज्या जिल्ह्यात म्हातारी माणसं सगळ्यात जास्त तिथेच हा खांदा सगळ्यात कमी, कारण तो सगळा विरार-नालासोपारा-दिव्याला जाऊन राहिलाय.

जपानने याचा विचार आधीच केला, त्यांना करावाच लागला. एप्रिल २००० पासून तिथे काळजीचा विमा आहे, चाळिशीच्या पुढचा प्रत्येक जण हप्ता भरतो, निम्मा खर्च हप्त्यांतून आणि निम्मा करातून. पण मला त्यातलं आवडलं ते केअर मॅनेजर हे पद. म्हाताऱ्या माणसाला काय लागेल, कोण येईल, किती वाजता, हे जुळवून देणारं पगारी माणूस. आपण जपान नाही, मान्य, पैसा कुठून आणणार. मग केरळ बघा. तिथे १९९३ मधे कोझिकोडला मेडिकल कॉलेजच्या आधाराने पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात दुखणं हलकं करायचं, काम सुरू झालं, गावोगावचे स्वयंसेवक जोडले गेले, २००८ मधे राज्याने त्याचं धोरणच केलं, आणि आता पंचायतीमार्फत नर्स अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जाते. ती जखम बघते, गोळ्या देते, आणि आलीच आहे तर अडलेला कागदही तिच्या नजरेला पडतो.

आमच्या गावात अशा माणसाची जागा भरायला लोक नाहीत असंही नाही. अंगणवाडी आहे, चार पोरांची. आशाताई आहेत, तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा आरोग्याचा फॉर्म त्यांनी भरलेला आहे, कुणाला दिसत नाही, कोण एकटं राहतं हे त्यांना तोंडपाठ आहे. पोस्टमन आहे. तलाठी आहेत, त्यांचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, काकी अजून तलाठीच म्हणते. ही सगळी माणसं महिन्यातून कधी ना कधी तिच्या अंगणावरून जातात. यातल्या एकालाच जरी वाडीतल्या सत्तरीच्या पुढच्यांचे अडलेले कागद बघण्याचं काम दिलं, आणि त्याचे वेगळे पैसे दिले, फुकट राबवून नाही, आशांवर आधीच काय कमी लादलंय, तर काकीची केस मार्चमधे सुरू होऊन मार्चमधेच संपली असती. मी लिहिलीही नसती.

सध्याची परिस्थिती अशी की पेन्शन येतेय, पुढे-मागे होते पण येते. मोबाईल नंबर माझा आहे, म्हणजे काकीच्या दीड हजारांचा मेसेज पुण्यात माझ्या मीटिंगमधे वाजतो आणि मग मी तिला फोन करून सांगतो, आले. शेजारच्या वहिनी जूनमधे मुलाच्या आठवीसाठी मुंबईला जातायत, त्यांच्याही उंबरठ्याला कुलूप लागणार, तेवीसात बारा. हयातीचा दाखला यंदा त्यांनीच काकीला नेऊन दिला. पुढच्या वर्षी कोण, ते ठरलेलं नाही, मी "मी येतो" म्हणून बसलोय.

परवा काजूच्या हंगामात गावी गेलो होतो. काकी ओसरीवर आडाळी घेऊन बसलेली, शेजारी राखेची वाटी, हात नेहमीसारखे काळे. फक्त डाव्या हाताच्या करंगळीला जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळलेली. मला वाटलं कापलं, म्हणून विचारलं.

"नाय रे," म्हणाली, "ती बँकेची."